पहिल्या अभिप्रायांची उसनी मापे

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा पहिला कथासंग्रह १९६३ साली मुंबईच्या अभिनव प्रकाशनाने काढला. बागुलांच्या कथा १९५७ पासून नियतकालिकांतून येत होत्या, वाचकांच्या नजरेत भरल्याही होत्या. तरी सगळे पुस्तक एकदम हाती आल्यावर त्याला कोणते माप लावावे, हा प्रश्न समीक्षेपुढे उभा राहिला.

संग्रहाच्या स्वागतातली दोन मते पुढे वारंवार सांगितली गेली. काहींनी त्याला दलितांचे महाकाव्य म्हटले. काहींनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझ संगीताशी त्याची तुलना केली. दोन्ही मते गौरवाची. पण दोन्ही मापे उसनी. एक जुन्या काव्यशास्त्रातले, दुसरे समुद्रापलीकडचे.

याला काळही कारण होता. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. परंतु ‘अस्मितादर्श’सारखे हक्काचे व्यासपीठ अजून काही वर्षे दूर होते आणि दलित पँथर तर १९७२ ची. पुस्तक आधी आले. त्याविषयी बोलायची भाषा मागाहून घडली.

मला वाटते, शीर्षककथेचे माप तिच्या नावातच होते. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना भाड्याच्या खोलीसाठी बागुलांना स्वतःची जात लपवावी लागली होती. कथेतला तरुणही रेल्वेतच लागतो. कवितेमुळे त्याला मान देणारा रामचरण तिवारी जात कळताच उलटतो. तरुणाला मार बसतो आणि त्याला सोडवायला काशिनाथ हा त्याचाच जातभाई धावून येतो. या प्रसंगाला बागुलांनी ‘लपवली’ हे क्रियापद वापरले नाही, ‘चोरली’ म्हटले. जे आपलेच आहे त्याची चोरी कशी होईल? तरी आळ येतो आणि शिक्षाही चोराचीच होते. शिवाय मराठीत आपण अंग चोरतो: कुणाला धक्का लागू नये म्हणून आक्रसून बसतो. ज्यांच्या स्पर्शाचाच विटाळ मानला गेला, त्यांच्या पिढ्या अशाच अंग चोरून वावरल्या. ‘जात चोरणे’ यात हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत.

जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१८ साली, मूळ पुस्तकानंतर पंचावन्न वर्षांनी आला. त्याच्या शीर्षकात ‘लपवली’ या अर्थाचेच क्रियापद आहे. परभाषेत दुसरा इलाज नसावा. मराठी समीक्षेला मात्र तो शब्द घरचाच होता.

मी हे अकोटात बसून लिहितो आहे. आमच्याकडे बदलीवर आलेला माणूस खोली पाहायला गेला, की भाड्याच्या आकड्याआधी त्याला आडनाव विचारले जाते. ऐकणारा क्षणभर थांबतो, मग सांगतो. बागुलांच्या कथेचे परीक्षण त्या थांबण्यापासून सुरू व्हायला हवे होते.