घरी एपिलेटर वापरताना: आत वळलेले केस, काळे डाग आणि हनुवटीवरचे केस

एपिलेटर म्हणजे केस मुळापासून उपटणारे, विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे हातात मावेल एवढे यंत्र. त्याच्या फिरत्या भागावर बारीक चिमट्यांच्या ओळी असतात. यंत्र त्वचेवरून सरकते तसे हे चिमटे उघडतात, केस पकडतात आणि ओढून काढतात. १९८६ मध्ये इस्रायलमधून बाजारात आलेल्या सुरुवातीच्या यंत्रात चिमट्यांऐवजी फिरणारी स्प्रिंग होती. आता चिमट्यांचीच यंत्रे सर्रास मिळतात.

विकत घेण्याआधी बहुतेक जणी एकच प्रश्न विचारतात, "खूप दुखतं का?" दुखते, पण ते दुखणे तासाभरात ओसरते. त्वचारोगतज्ज्ञाकडे येण्याची वेळ येते ती दोन-तीन आठवड्यांनी पायांवर, काखेत उठलेल्या पुळ्यांमुळे आणि त्यामागून राहिलेल्या काळ्या ठिपक्यांमुळे. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जरा दाह झाला तरी रंगद्रव्य जास्त तयार होते आणि ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. ही गोष्ट बरीचशी टाळता येते. त्यासाठी यंत्र किती महाग आहे यापेक्षा ते कसे चालवले आणि नंतर त्वचेची काय काळजी घेतली, हे महत्त्वाचे.

कोणी वापरू नये, कोणी आधी विचारावे

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर एपिलेटर आणि वॅक्सिंग दोन्ही बंद ठेवा. गोळ्या थांबल्यावरही साधारण सहा महिने थांबावे लागते, कारण त्या काळात त्वचा नाजूक असते आणि सोलवटून व्रण राहू शकतो. ट्रेटिनॉइन किंवा अडॅपलीन ही मलमे लावत असाल तर त्या भागावर यंत्र फिरवू नका.

मधुमेह असेल, विशेषतः पायांना बधिरपणा किंवा मुंग्या असतील, तर गुडघ्याखाली एपिलेटर नको. छोटी जखम कळत नाही आणि चिघळते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, जखमेचा व्रण उंचावून वाढण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी आणि पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तीळ, चामखीळ, इसब यांवरून यंत्र कधीही नेऊ नका. गजकर्ण असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबा, नाहीतर यंत्रच तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नेऊन पोहोचवते.

याच कारणासाठी एपिलेटर आई-मुलीत किंवा बहिणीबहिणींत वाटून वापरू नये. केस उपटताना कधी कधी रक्ताचा सूक्ष्म थेंब येतो. तो दिसत नाही, पण चिमट्यांवर राहतो. हेपॅटायटिस बी पसरायला एवढे रक्तही पुरते. टूथब्रश जसा ज्याचा त्याचा, तसेच हे.

पहिली वेळ

केस फार लांब असतील तर जास्त दुखते. म्हणून पहिल्या वेळी रेझरने केस काढा आणि ते दोन ते पाच मिलिमीटर वाढल्यावर एपिलेटर वापरा. रेझरने केस जाड होतात ही समजूत खरी नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते राठ लागते, एवढेच.

रात्रीची वेळ चांगली, म्हणजे लाली सकाळपर्यंत उतरते. कोमट पाण्याने आंघोळ करा, त्वचा पूर्ण कोरडी करा आणि तेल किंवा लोशन न लावता सुरुवात करा. ओल्या त्वचेवर चालणारे यंत्र असेल तरच ते पाण्यात न्या. चार्जरला जोडलेले यंत्र मात्र कोणतेही असो, न्हाणीघरात नको.

आता सर्वात महत्त्वाचे. एका हाताने त्वचा ताणून धरा, यंत्र त्वचेशी काटकोनात ठेवा आणि केसांच्या वाढीच्या उलट दिशेने अगदी सावकाश न्या. दाबू नका. घाईने फिरवले किंवा दाबले की केस मुळापासून निघण्याऐवजी त्वचेच्या आत तुटतो. त्याचे अणकुचीदार टोक वर येताना बाहेर न पडता बाजूच्या त्वचेत घुसते. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजते आणि तिथे पुळी येते. 'मशीन लावली आणि पायभर पुटकुळ्या आल्या' या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

सुरुवात पोटऱ्यांपासून करा. काख आणि जांघेची कड नाजूक असते, तिथे केस राठ आणि वाकडे असतात, म्हणून ते नंतर, सवय झाल्यावर. गुप्तांगावर एपिलेटर वापरू नये. त्वचा पकडली जाण्याची, फाटण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती तिथे जास्त असते. तसे पाहिले तर अंगावरचे केस काढणे ही आरोग्याची गरजच नाही. कोणी स्वच्छतेचे कारण देऊन तुम्हाला किंवा तुमच्या लहान मुलीला त्यासाठी भरीस घालत असेल, तर त्याला वैद्यकीय आधार नाही हे त्यांना खुशाल सांगा.

दुखणे फार वाटत असेल तर एरवी चालत असल्यास पॅरासिटामॉलची एक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घेता येते. बधिर करणारे मलम दोन्ही पायांना फासून वर प्लॅस्टिक गुंडाळण्याचा उपाय मात्र धोकादायक आहे. एवढ्या मोठ्या भागातून औषध रक्तात शिरते आणि त्याचा हृदयावर व मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत दुखणे आपोआप बरेच कमी होते.

पहिल्यांदा वापरल्यावर चार-पाच दिवसांत पुन्हा केस दिसले, तर यंत्र वाया गेले असे समजू नका. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. जे त्या दिवशी त्वचेखाली होते, ते आता वर आले. उपटलेला केस परत दिसायला साधारण तीन-चार आठवडे लागतात.

नंतरचे दोन आठवडे

लगेच थंड पाण्याचे कापड ठेवा आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावा. केसांच्या मुळांशी लाल ठिपके दिसणे स्वाभाविक आहे, ते एक-दोन दिवसांत जातात. चोवीस तास डिओडरंट, पोहणे, घट्ट लेगिंग्ज किंवा जीन्स टाळा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घाम आणि कपड्याचे घर्षण एवढेही पुळ्यांना पुरेसे होते. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता चोळू नका, त्याने त्वचा भाजते. लिंबू आणि खाण्याचा सोडाही नको.

तीन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा मऊ कापडाने हलके चोळून मृत त्वचा काढा, म्हणजे नव्या केसाला वाट मिळते. टाचा घासायची वज्री इथे वापरू नका. लॅक्टिक आम्ल किंवा युरिया असलेले लोशनही उपयोगी पडते. प्रत्येक वापरानंतर यंत्राचा पुढचा भाग काढून ब्रशने केस झटका, स्पिरिटने पुसा आणि वाळल्यावरच ठेवा.

केस आत वळून पुळी आलीच, तर त्या भागावर एपिलेटर बंद करा आणि दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याचा शेक द्या. केसाची वेटोळी वरूनच दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने टोक फक्त मोकळे करा, उपटू नका. दिसत नसेल तर सुईने कोरू नका. काळा डाग पुळीपेक्षा या कोरण्यानेच जास्त गडद होतो. पाय उघडे राहणार असतील तर डाग जाईपर्यंत सनस्क्रीन लावा. दुकानातून परस्पर आणलेल्या 'गोरेपणाच्या' मलमांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते आणि चेहऱ्यावर तर उलट केस वाढतात.

दुखरे केसतोड झाले, लाली पसरत गेली, तो भाग गरम लागू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हनुवटीवरचे केस: आधी तपासणी

ओठांवर बारीक लव असणे बहुतेक घराण्यांत सामान्य आहे. रजोनिवृत्तीनंतर हनुवटीवर चार-दोन राठ केस येणेही. पण तरुण वयात हनुवटी, जबडा, छाती किंवा बेंबीभोवती जाड काळे केस वाढत असतील, पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, मुरुम जात नसतील, मान मखमलीसारखी काळवंडली असेल, तर कारण बहुधा संप्रेरकांत असते. त्यात पीसीओएस सर्वात जास्त आढळतो. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर अजिबात थांबू नका. मुलीला आठ वर्षांच्या आत काखेत किंवा जांघेत केस आले तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तपासणीला जाताना चेहरा स्वच्छ करून जाण्याकडे कल असतो, ते समजण्यासारखे आहे. मग केस किती आणि कुठे होते हे डॉक्टरांना दिसत नाही. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि किती दिवसांनी केस काढावे लागतात ते सांगा. औषधे सुरू झाली तरी केसांवर परिणाम दिसायला सहाएक महिने लागतात. तोवर चेहऱ्याच्या छोट्या डोक्याचा एपिलेटर वापरायला हरकत नाही, फक्त मुरुम असलेल्या जागी नको.

लेझर करायचे ठरवले असेल तर आधी किमान चार आठवडे एपिलेटर, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग बंद ठेवा. लेझर केसाच्या मुळातल्या काळ्या रंगावर काम करते, आणि मूळच उपटलेले असेल तर त्याला पकडायला काही उरत नाही. त्या काळात रेझर किंवा कात्री चालते.