माजी नगरसेवक पुन्हा मत मागायला आले, तर काय पाहावे? नवी मुंबई मनपा निवडणुकीची माहिती

नवी मुंबई महानगरपालिकेसाठी 15 जानेवारी 2026 ला मतदान आहे आणि 16 ला मतमोजणी. 2015 साली निवडून आलेले अनेक जण पुन्हा उभे आहेत, काही स्वतः, काही पत्नी किंवा सुनेच्या नावाने. ओळखीचा चेहरा दारात आला की आपल्याकडे चहा होतो, दुआ-सलाम होतो, आणि विचारायचे ते राहून जाते. म्हणून हा लेख.

आधी थोडा मागचा हिशोब. आपली मनपा 1 जानेवारी 1992 ला स्थापन झाली आणि पहिली निवडणूक 1995 मध्ये झाली. शेवटची निवडणूक 22 एप्रिल 2015 ची. तेव्हा 111 जागांपैकी राष्ट्रवादी 52, शिवसेना 38, काँग्रेस 10, भाजप 6 आणि बाकी अपक्ष, असा निकाल होता. सप्टेंबर 2019 मध्ये गणेश नाईक भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवक त्यांच्यामागे गेले. पुढे शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही फुटल्या. त्यामुळे 2015 ला ज्या चिन्हावर आपण बटण दाबले, त्या चिन्हावर आज तोच माणूस असेल असे नाही. पक्ष बदलणे हा गुन्हा नाही, पण का बदलला हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

त्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली. कोरोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात अडकला. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्या असा आदेश दिला. मधली साडेपाच वर्षे शहराला एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे बजेटही तेच मंजूर करणार आणि खर्चही तेच करणार. अभिजित बांगर, राजेश नार्वेकर आणि कैलास शिंदे या आयुक्तांच्या हाती यातला बहुतेक काळ गेला.

हे लक्षात ठेवण्याचे कारण साधे आहे. आपल्या गल्लीतला रस्ता किंवा गटार 2022 किंवा 2023 मध्ये झाले असेल, तर ते कोणत्याही नगरसेवकाच्या ठरावाने झालेले नाही. माजी नगरसेवकाने पाठपुरावा केला असेल, नाही असे नाही. काहींनी खरोखर केला. पण पाठपुरावा केला की पत्र असते, पत्राला तारीख असते, मनपाचा आवक क्रमांक असतो. ते दाखवा म्हणायला लाजू नये. आणि ज्याच्याकडे खुर्ची नसतानाची अशी पत्रे आहेत, त्याला आमच्या मते जास्त मार्क द्यायला हरकत नाही.

आता नगरसेवकाच्या हातात असते काय? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांचा. नगरसेवक सभागृहात प्रश्न विचारतो, ठराव मांडतो, बजेट मंजूर करतो. 16 जणांच्या स्थायी समितीत गेला तर ठेक्यांना मंजुरी देतो. पाणी, कचरा, गटार, दिवाबत्ती, मनपाच्या शाळा आणि दवाखाने हे त्याचे क्षेत्र. मयतांच्या दफन-दहनासाठी जागा पुरवणे हेही मनपाचे बंधनकारक कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. मात्र नवी मुंबईत मोठा भाग सिडकोच्या आणि एमआयडीसीच्या जमिनीचा. कब्रस्तानचा किंवा मस्जिदीचा भूखंड म्हटला की सिडकोचे नाव येतेच. म्हणून "कब्रस्तान मिळवून देतो" असे कोणी म्हटले, तर भूखंड कोणता, सेक्टर कोणता, सिडकोकडे अर्ज कधी केला, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. वीज महावितरणची, रेशनकार्ड शिधावाटप कार्यालयाचे. त्यात नगरसेवक ओळख लावून देतो, अधिकार त्याचा नसतो.

सभागृहाची ताकद किती, हे 25 ऑक्टोबर 2016 ला शहराने पाहिले. आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला. भाजपचे सहा जण सोडले तर एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एक होते. तरीही राज्य सरकारने मुंढेंना लगेच हटवले नाही, त्यांची बदली मार्च 2017 मध्ये झाली. मुंढे बरोबर होते की चूक, यावर आजही घराघरात दोन मते आहेत. पण त्या सभागृहातला जो कोणी आज पुन्हा उभा आहे, त्याने त्या दिवशी हात का वर केला हे त्याच्याच तोंडून ऐकावे. उत्तरावरून माणूस कळतो.

बेकायदा बांधकामाचा मुद्दा आपल्या लोकांना फार महाग पडलेला आहे. दिघ्यातल्या 99 बेकायदा इमारतींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2015 पासून कारवाई सुरू झाली. त्या एमआयडीसी आणि सिडकोच्या जागेवर होत्या. आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर यायची वेळ आली. "नगरसेवक आपला आहे, काही होत नाही" हे वाक्य अशा वेळी कोर्टात चालत नाही. उलट नगरसेवकाने स्वतः बेकायदा बांधकाम केले, करायला मदत केली किंवा कारवाईत अडथळा आणला, तर त्याचेच पद जाऊ शकते. कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे.

उमेदवाराचे शपथपत्र जरूर वाचावे. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, दाखल गुन्हे सगळे त्यात असते. जुने उमेदवार असतील तर 2015 चे आणि आत्ताचे शेजारी ठेवून पाहा, फरक आपोआप बोलतो. आपल्याकडे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, तोही इथेच दूर करू: दोन अपत्यांची अट उमेदवाराला आहे, मतदाराला नाही. तसेच ओबीसी जागेवर उभे राहायला धर्म आड येत नाही. राज्याच्या यादीतल्या अनेक मुस्लिम बिरादऱ्यांना तो हक्क आहे, फक्त जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत लागते. आणि 50 टक्के जागा महिलांच्या असल्याने आपल्या शिकलेल्या मुलींसाठी दार उघडे आहे. बोर्डावर नवऱ्याचा फोटो मोठा आणि उमेदवार बाई कोपऱ्यात, असे मात्र नको.

या वेळचा सर्वांत मोठा बदल प्रभागाचा. 2015 ला 111 प्रभाग होते, एकात एक नगरसेवक. आता 28 प्रभाग आहेत. 27 मध्ये चार-चार जागा, एकात तीन. 2011 च्या जनगणनेने शहराची लोकसंख्या 11 लाख 20 हजारांच्या वर, म्हणजे पूर्वी एका नगरसेवकामागे साधारण 10 हजार माणसे. आता चौघे मिळून 40 हजारांची जबाबदारी घेणार. कामाचे श्रेय चौघे घेतील, तुंबलेल्या गटाराला मात्र बाप सापडणार नाही, ही भीती आहे. म्हणून प्रचारातच विचारून ठेवा: चौघांपैकी आमच्या सेक्टरचा जबाबदार कोण, आणि त्याचे ऑफिस कुठे?

आम्ही शिक्षक मंडळी निवडणूक ड्यूटीवर असतो, म्हणून मशीनबद्दल एक सांगतो. अ, ब, क, ड अशा चार जागा असतील तर चार वेळा बटण दाबायचे, प्रत्येक जागेसाठी एकदा. कोणीच पसंत नसेल तर त्या जागेवर नोटा आहे. एक बटण दाबून निघू नका, चारही झाल्यावरच शेवटची बीप वाजते. घरातल्या दादी-नानींना हे आधीच समजावून ठेवा.

मतदारयादी 1 जुलै 2025 ची धरली आहे. त्यानंतर 18 पूर्ण झालेल्या मुलांचे नाव या वेळी नसेल. एकाच घरातल्या माणसांची नावे वेगवेगळ्या प्रभागांत गेल्याचे प्रकारही होतात, त्यामुळे सर्वांची नावे आणि केंद्रे आधी तपासा. मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. जोहरच्या नमाजनंतर जाऊ म्हणणाऱ्यांनी दुपारची रांग लक्षात घेऊन निघावे.