शेजघरातला छोटा पडदा

‘छोटा पडदा’ हा शब्दप्रयोग मराठीत चित्रपटाच्या ‘मोठ्या पडद्या’शी तुलना करताना रूढ झाला. परंतु घरातल्या घरातही एक मोठा पडदा असतो आणि एक छोटा. एक दिवाणखान्यातला, चारचौघांचा. दुसरा आतल्या खोलीतला. या दुसऱ्याची दखल मराठी लेखनात फारशी घेतली गेलेली नाही. गेल्या दिवाळीत आईंच्या खोलीसाठी एखादा लहानसा, परवडणारा टी.व्ही. निवडण्याचे काम आम्हां दोघांवर आले नसते, तर आम्हीही ती घेतली नसती. दुकानात पहिलाच प्रश्न आला, ‘किती इंची?’ या प्रश्नाला आपल्याकडे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, हे घरी परतल्यावर ध्यानात येऊ लागले.

झोपायच्या खोलीत टी.व्ही. येण्यासाठी आधी झोपायची खोली असावी लागते. वाड्यात ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली होती; शेजघर हा शब्दही होता; पण बहुतेक माणसे जिथे जागा मिळेल तिथे वळकटी सोडून झोपत. गिरणगावातल्या चाळीत तर एकाच खोलीला दिवसातून चार नावे मिळत. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा झाला, सहकारी गृहनिर्माण संस्था वाढल्या आणि ‘बेडरूम’ हा शब्द मध्यमवर्गीय मराठीत स्थिरावला. या खोलीला दार होते, दाराला आतून कडी होती. ती कडी दिवसा लावायची की नाही, यावर किती घरांत अबोले झाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

नेमक्या याच काळात दूरदर्शन आले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते. मुंबईचे केंद्र वरळीला २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही चित्र दिसू लागले. तेव्हाचा संच म्हणजे फर्निचर होते. लाकडी पेटी, चार पाय, पुढे सरकती दारे, क्वचित त्यांना कुलूपही. संचासाठी परवाना लागे आणि तो पोस्टात काढावा लागे. तो दिवाणखान्यातच ठेवला जाई, कारण तो केवळ घरच्यांसाठी नव्हताच. ‘छायागीत’ पाहायला शेजारी येत, दाराबाहेर चपलांचा ढीग पडे, आणि घरमालकीण दर आठवड्याला किती कप चहा करायचा या विवंचनेत असे. अशा वस्तूला आतल्या खोलीत नेणे म्हणजे शेजाऱ्यांना दार बंद करण्यासारखे होते.

येथे थोडे विषयांतर. जगात लहान टी.व्ही. स्वस्त म्हणून जन्माला आला नाही. १९६० साली जपानच्या सोनीने पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा ८ इंची संच काढला आणि १९६२ मध्ये ५ इंची. ते उचलून नेता येत, पण ते महाग होते. लहानपणा ही तेव्हा चैन होती. आपल्याकडे समीकरण उलटे झाले. १९८२ साली १५ ऑगस्टच्या राष्ट्रीय प्रक्षेपणाने व नोव्हेंबरातल्या आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत चित्र आणले. १९८४ साली गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. २० इंची रंगीत संच प्रतिष्ठेचा ठरला, आणि १४ इंची कृष्णधवल ‘पोर्टेबल’ हा ज्यांना तो परवडत नाही त्यांचा. ‘पोर्टेबल’ म्हणायचे खरे, पण एकदा स्टुलावर ठेवलेला तो संच वर्षानुवर्षे हलत नसे. यांतले अनेक संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत, त्यामुळे वीज नसलेल्या वा जाणाऱ्या गावांत १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ पाहण्यासाठी ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून आणली जाई. तेव्हा छोटा पडदा सगळ्या आळीचा होता, शेजघराशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जुळला एका वेगळ्याच वाटेने. घरात रंगीत संच आला की जुना कृष्णधवल कोठे ठेवायचा? नव्वदच्या दशकाच्या मध्यास जुना संच घेऊन नवा देणाऱ्या योजना निघाल्या खऱ्या, पण कृष्णधवल संचाला मिळणारी किंमत इतकी किरकोळ वाटे की लोकांना तो देववत नसे. मग तो आत गेला. म्हणजे आपल्याकडचा बेडरूममधला पहिला टी.व्ही. बहुधा कोणी निवडलेलाच नाही. तो धाकट्या भावंडाला थोरल्याचे कपडे मिळावेत तसा वारशाने आला. ज्याला तो मिळाला ती व्यक्तीही बहुतेक तशीच निवडली गेली होती: आजारी आजोबा, विधवा आत्या, परीक्षेनंतरची मुले.

रेमंड विल्यम्स या साहित्यसमीक्षकाने १९७४ च्या ‘टेलिव्हिजन: टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ या पुस्तकात एक संज्ञा वापरली आहे, ‘मोबाइल प्रायव्हटायझेशन’. आधुनिक माणूस एकाच वेळी अधिक फिरता आणि अधिक घरकोंबडा होतो, असा तिचा ढोबळ आशय. वर्गात ही संज्ञा शिकवताना आम्हांला नेहमी अडखळायला होते, कारण विल्यम्सचे घर हे एक एकक आहे आणि आपले घर हे कधीच एक एकक नव्हते. डेव्हिड मॉर्ली याने १९८६ मध्ये लंडनमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले की रिमोट बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती असतो. हे मात्र मराठी घराला थेट लागू पडते. १९९२ मध्ये झी आले, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. वाहिन्या वाढल्या, पण हात तोच राहिला. एकाच वेळी क्रिकेट आणि ‘आभाळमाया’ असेल तर काय लागणार, हे सांगायला संशोधन नको. आतल्या खोलीतल्या १४ इंची पडद्याने अनेक बायकांना पहिल्यांदा स्वतः बटण दाबण्याचा अधिकार दिला. बेडरूममधल्या टी.व्ही.ने कुटुंब तुटले, वाचन संपले, अशी हळहळ आमच्या पिढीचे प्राध्यापक उठता-बसता व्यक्त करतात. ती सर्वस्वी खोटी नाही. पण दिवाणखान्यात सगळे एकत्र बसत असत तेव्हा निवड कोणाची होती, हे ती विचारीत नाही.

निवडीचे व्यवहारही तेव्हा निराळे होते. काचेच्या नळीचा १४ इंची संच फूटभराहून अधिक खोल असे, म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत तो लोखंडी कपाटावर चढवला जाई आणि पाहणाऱ्याची मान अवघडे. जाणकार माणूस इंच मोजण्याआधी इअरफोनची खाच आहे का ते पाही, कारण भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलेले असे. २००६ पासून तमिळनाडू सरकारने दीड कोटीहून अधिक मोफत रंगीत संच वाटले, तेही १४ इंचीच. तेथे त्यांतल्या पुष्कळ घरांत तो एकुलता एक संच होता आणि आतली खोली नव्हतीच.

आता ती काचेची नळी गेली. जमिनीवरून होणारे ऍनालॉग प्रक्षेपणही २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाले. जुना पोर्टेबल माळ्यावरून काढून अँटेना जोडली तरी मुंग्याच दिसणार. दरम्यान ‘लहान’ या शब्दाचा अर्थ सरकारने ठरवला. वस्तू व सेवा कराच्या २८ टक्क्यांतून १८ टक्क्यांत २०१८ साली ६८ सेंटिमीटरपर्यंतचे संच आले, आणि १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतचे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी हा भेद मिटला, पण ३२ इंच म्हणजे लहान ही समजूत दुकानात पक्की झालेली आहे. आम्ही कागदावर हिशेब मांडला: ३२ इंची पडद्याचे क्षेत्रफळ जुन्या १४ इंचीच्या साडेचारपट भरते, आणि ज्या २१ इंची रंगीत संचापुढे आमचे सारे कुटुंब बसत असे त्याच्या दुप्पट.

आम्ही शेवटी २४ इंची घेतला. दुकानदाराला तो निर्णय पटला नाही. थोड्याच पैशांत ३२ मिळत असताना कमी का घेता, असे त्याने दोनदा विचारले. आम्हांलाही दुसरीच शंका छळत होती. आईंना स्वतःची निवड देतो आहोत की त्यांना दिवाणखान्यातून आत पाठवतो आहोत? जुन्या घरांत टाकाऊ पोर्टेबल आजोबांच्या खोलीत जात असे, तेव्हाही घरच्यांनी त्याला ‘सोय’ असेच म्हटले होते.

संच बसवायला आलेल्या मुलाने पलंगासमोरची भिंत दाखवून विचारले, ‘आजी, इथे लावू? दार लावलं तरी नीट दिसेल.’ आईंनी दाराशेजारची, बाहेरून दिसणारी भिंत दाखवली. तेथे प्लग नव्हता. सहा मीटरची एक्स्टेन्शन वायर आणावी लागली, आणि ती अजूनही उंबरठ्याजवळ पायात येते.