सरसाचा रूळ

मे महिन्यात आमच्या रायपूरच्या छापखान्यात दुपारी मशीन बंद असे. बाहेर लू, वर पत्रे. पारा ४४ च्या पुढे गेला की शाईचा रूळ टाइपाला चिकटू लागे आणि मशीनवरचा माणूस हाक मारी, ‘भइया, बेलन टघल गे!’ रूळ वितळला. शेवटी आजोबांनी उन्हाळ्यातली छपाई रात्री दहानंतर सुरू करायचा नेमच केला.

तो रूळ सरसाचा होता. जनावरांची कातडी, हाडं, कंडरा उकळून काढलेला सरस. बाजारातून त्याच्या तपकिरी, काचेसारख्या कडक वड्या येत. बाबा त्या रात्रभर भिजत घालत. सकाळी फुगलेल्या वड्या एका भांड्यात आणि ते भांडं गरम पाण्यात, कारण थेट आचेवर सरस जळतो आणि त्याची पकड जाते. वितळला की गूळ आणि थोडं ग्लिसरीन. पितळी साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, मधोमध लोखंडी दांडा उभा करायचा आणि रस बारीक धारेनं ओतायचा. एक बुडबुडा राहिला तरी छापलेल्या पानावर पांढरा ठिपका पडणार. उन्हाळ्यात सरस जास्त, थंडीत गूळ जास्त. रात्री रूळ जाळीच्या कपाटात टांगलेले, नाहीतर उंदीर कुरतडत. झिजलेला रूळ कुणी फेकत नसे. तुकडे करून पुन्हा वितळवायचा, पुन्हा ओतायचा.

युरोपात १९ व्या शतकाच्या सुरुवातीला हे रूळ आले. त्याआधी लोकर भरलेल्या चामड्याच्या गोळ्यांनी टाइपाला शाई लावत. म्हणजे आधीही कातडंच, नंतरही कातडंच. छत्तीसगडातली पत्रकारिता सांगताना आपण १९०० च्या जानेवारीत पेंड्र्याहून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’चं नाव अभिमानानं घेतो. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावं मराठी, मासिक हिंदी, आणि पहिल्या वर्षीची छपाई रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये. रायपूरच्या मराठी माणसाला ही नावं पाठ असतात. कातडं कमावणाऱ्याचं, सरस उकळणाऱ्याचं, रूळ ओतणाऱ्याचं नाव मात्र कोणत्याच इतिहासात नाही. मला हे मनापासून खटकतं. त्यांना गावाबाहेर ठेवलं आणि त्यांच्या हातच्या मालावर आपण अक्षरं छापली.

सरस म्हणजे रूप बदललेलं कोलाजेन. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस; ज्यापासून सरस होतो ते कोलाजेन. आपल्या शरीरातल्या प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के हेच. त्वचा, हाडं, कंडरा, डोळ्याच्या बाहुलीपुढचा पारदर्शक पडदा, सगळं त्याच्या धाग्यांवर उभं आहे. ते धागे असतात कसे, हे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडलं. त्यासाठी क्ष-किरणांखाली धरली होती कांगारूच्या शेपटीतली कंडरा, आणि ती मिळाली मद्रासच्याच चामडे संशोधन संस्थेतून. इथंही वाट चामड्याच्याच दारातून गेली. तीन साखळ्या दोराच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरी कडी ग्लायसिन या सगळ्यात लहान अमिनो आम्लाची. पेड इतके घट्ट, की त्यांच्यामध्ये दुसरी कुठली मोठी कडी मावतच नाही.

पाण्यात उकळलं की हे पेड सुटतात आणि सरस होतो. निवला की सुटलेले धागे जागोजागी पुन्हा एकमेकांत गुंततात आणि रस थिजतो. आमच्या साच्यात थिजायचा तो असाच, आणि मे महिन्यात टघलायचा तोही त्याच कारणानं. दर ऋतूला सरस-गुळाचं माप बदलणाऱ्या बाबांना हे बोटांनी कळत होतं.

पुढे रबरी रूळ आले, मग ऑफसेट, आणि आमचं मशीन भंगारात गेलं. पितळी साचा मी ठेवून घेतला. आतून अजून गुळगुळीत आहे, हुंगला तर तेलकट, गोडसर वास येतो. तुमच्या घरी, एखाद्या जुन्या छापखान्याच्या माळ्यावर, असा हातभर लांबीचा पितळी नळा पडला असेल तर तो मोडीत घालू नका. तो कशाचा आहे आणि त्यात रूळ कोण ओतायचं, हे सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारून, नावासकट लिहून ठेवा.