पलेग गेला का?

आपल्या दिंडीच्या पहिल्या पिढीतल्या माळकऱ्यांनी पलेग डोळ्यांनी पाहिलेला. आता कीर्तनात त्याचं नाव काढलं की पोरं विचारतात, "बुवा, देवी गेली तसा तोही गेला ना?" मी चौथी शिकलेला माणूस, पण वाचून आणि विचारून जे कळलं ते मांडतो.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या वखारींजवळ, पलेग उठला. तिथून पुण्यात, मग खेड्यापाड्यांत. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, ताप चढायचा, चार-सहा दिवसांत माणूस जायचा. घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. त्यांना कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं, पण उपाय बरोबर होता. उंदराच्या अंगावरची पिसू रोग आणते हे सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ ला दाखवलं. पुण्यात सरकारनं घरं तपासताना जुलूम केला, रँडसाहेबाचा खून झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सावित्रीबाई फुल्यांचं मात्र पुन्हा सांगतो. रोगी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सेवा म्हणतात ती ही. देशात पुढच्या वर्षांत एक कोटीच्या वर माणसं मेली.

देवी हा फक्त माणसाचा रोग. माणसांना टोचलं, रोगाला घर उरलं नाही. पलेगचं तसं नाही. तो रानातल्या उंदीर-घुशींत राहतो, माणूस त्याला मधेच सापडतो. रानातले उंदीर कोण टोचणार?

लांबचं कशाला, आपल्या मराठवाड्यातलंच बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लोकांनी घरं सोडली, धान्य आत राहिलं, उंदरांचं फावलं. पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा चावायला लागल्या, लोकांना गाठी आल्या. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा पलेग आला. लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले, त्यात आपली कामगार माणसंही होती. मेले पन्नासेक, भ्यालं सगळं जग. मादागास्करात तर २०१७ साली दोनशेच्या वर माणसं दगावली.

मग भ्यावं का? पूर्वीसारखं नाही. आता स्ट्रेप्टोमायसीन, डॉक्सीसायक्लीन अशी औषधं आहेत, वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. वेळेत हे महत्त्वाचं. फुफ्फुसाचा पलेग खोकल्यातून दुसऱ्याला लागतो आणि एक दिवसही थांबत नाही. अंगारा लावा, माझी ना नाही, पण आधी दवाखाना.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यानं ध्यानात ठेवावी. उंदीर मेला की पिसू त्याच्या अंगावरून उतरते आणि दुसरं अंग शोधते. म्हणून मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकायची आपली सवय वाईट. वारीत मुक्कामाला कधी गोदामात, कधी शाळेच्या खोलीत पथारी पडते. तिथं एकदम चार-पाच उंदीर मेलेले दिसले तर हात लावू नये, पथारी दुसरीकडं टाकावी आणि गावच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. दिंडीच्या ट्रकमधलं धान्य कोठीत झाकून ठेवायचं काम विणेकऱ्यावर न टाकता स्वयंपाकवाल्यांनीच बघावं, त्याला विणा खाली ठेवता येत नाही.