कामिनी कोण होती?

मरणानंतरही प्रीती उरते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. वडाला सूत गुंडाळताना आपल्या आयाबहिणी सात जन्मांचे मागणे मागूनच घरी परततात. १९४९ साली ‘बॉम्बे टॉकीज’ने काढलेल्या ‘महल’ या बोलपटाने हीच कल्पना उचलली. दिग्दर्शक कमाल अमरोही. प्रमुख भूमिका अशोककुमार व मधुबाला यांच्या.

एका ओसाड वाड्यात नवा मालक येतो. वाडा बांधणारा बुडून मेला, त्याची कामिनीही गेली, असे म्हातारा माळी त्याला सांगतो. भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत मालकाला स्वतःचाच चेहरा दिसतो आणि रात्री कामिनी गाऊ लागते. तिच्यापायी तो आपल्या पत्नीला विसरतो. ती बिचारी विष घेते. खटला उभा राहतो, आणि न्यायालयात उलगडा होतो, की कामिनी हे भूत नव्हे. ती माळ्याची मुलगी आशा.

आम्ही कामगार संघटनेत वावरणारी माणसे. कोणतेही काम पाहिले, की हजेरीपटावर नाव कोणाचे, हे आम्ही आधी विचारतो. माळ्याच्या मुलीकडे मालकाने आशा म्हणून ढुंकूनही पाहिले नसते. त्यासाठी तिला मेलेल्या बाईचे नाव घ्यावे लागले. पडद्याबाहेरही तसेच घडले. ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’! गळा होता विशीच्या उंबरठ्यावरील लता मंगेशकरांचा. रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, तेव्हा खरे नाव लोकांना कळले. संगीतकार खेमचंद प्रकाश तर हे यश पाहायलाही उरले नव्हते; चित्रपट लागण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

नाव कळले, तरी मान मिळायला दहा वर्षे लागली. फिल्मफेअर पारितोषिकांत गायकांना जागाच नव्हती. म्हणून १९५७ च्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला. संप एकटीचा, पण फळाला आला. १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि पहिले त्यांनाच मिळाले, ‘मधुमती’तील गीतासाठी. योगायोग असा, की ‘मधुमती’ हीही मरणापलीकडच्या प्रीतीचीच कथा, आणि तिचे दिग्दर्शक बिमल रॉय हे ‘महल’चे संकलक होते.

मेलेल्यांची प्रीती खरी की खोटी, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मात्र ‘महल’चे ते गीत पुन्हा कानी आले, तर गळ्यामागे वाजवणाऱ्या वादकांचीही आठवण ठेवावी. त्यांच्या वाट्याला त्या मुद्रिकेवर खोटे नावदेखील आले नाही.