सातपुड्याचा हादरा आणि शाळेतल्या लहरी

भूकंपाचा विषय निघाला की आपण लगेच किल्लारीवर येतो. पण आपल्या खानदेशाला लागून असलेल्या सातपुड्यातही १४ मार्च १९३८ रोजी सव्वासहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही साधारण तेवढाच. मग तिथेच जवळपास दहा हजार माणसं का गेली?

एक कारण खोली. सातपुड्याचा उगम सुमारे ४० कि.मी. खाली होता, किल्लारीचा दहाच्याही आत. लहर जितकी लांबून येते तितकी तिची ताकद पसरून कमी होते. त्यात किल्लारीला वेळ पहाटे ३:५६ ची, सगळे घरात झोपलेले.

दुसरं कारण शाळेत शिकलेलंच आहे, फक्त दोन पुस्तकांत वाटलेलं! भूगोलात ‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ लहरी, विज्ञानात ‘अनुतरंग’ आणि ‘अवतरंग’. मामला एकच. प्राथमिक लहर खडक पुढेमागे दाबत येते, कवचात सेकंदाला साधारण ६ कि.मी. दुय्यम लहर आडवी हलवते, वेग साडेतीनच्या आसपास. किल्लारी ते नशिराबाद सरळ रेषेत अंदाजे ३४० कि.मी. म्हणजे पहिली लहर इथे मिनिटभरात, दुसरी तिच्यामागे चाळीसेक सेकंदांनी. दोन टाइमस्टँपमधल्या या फरकावरूनच भूकंप किती लांब झाला ते काढतात.

या लहरी नोंदींमध्ये वेगळ्या ओळखल्या त्या भारतातल्याच भूकंपामुळे. १२ जून १८९७ ला आसाम हादरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. १९०६ मध्ये त्यांनी याच लहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं. पुढे १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी हा गाभा द्रवरूप असल्याचं मांडलं. आडवी लहर द्रवातून जातच नाही ना!

आता श्राव्यातीत ध्वनी. २०,००० हर्ट्झच्या वरचा, आपल्याला ऐकू न येणारा. सोनोग्राफीतली लहर प्राथमिक लहरीचीच धाकटी बहीण, म्हणून तर ती पाण्यातून आणि शरीरातून जाते. पाणबुड्या शोधायला पहिल्या महायुद्धात लँजेव्हिन यांनी ती वापरली. पोटातलं बाळ बघायला १९५८ पासून डोनाल्ड यांनी.

हीच लहर काँक्रीटमधूनही सोडतात. घट्ट काँक्रीटमधून सेकंदाला ४ कि.मी.च्या पुढे जाते, आत भेगा-पोकळ्या असतील तर वेळ जास्त लागतो. बाहेरून गिलावा कितीही चकाचक असो!

किल्लारीला पडल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीला वरचं ओझं पेलायची सवय, आडवा धक्का नाही. आपल्याकडचं धाब्याचं घरही त्याच जातीचं. सातपुड्याचा पुढचा हादरा तसाच खोल असेल असं कोण सांगणार? ज्यांचं धाबं अजून उभं आहे, त्यांनी निदान भिंतींचे कोपरे नीट बांधलेले आहेत का, आणि वर दरवर्षी मातीचा थर वाढतोय का, एवढं तरी बघून घ्यावं.